कोरडं वजन

"कोरडी ठणठणीत आहेस तू," लेक म्हणाली आणि तिने फोन ठेवला. हसत ठेवला की चिडून, हे काटेबाईंना कळलं नाही. त्या वेळी त्या दुसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्याकडे उतरत होत्या, एका हातात डब्याची पिशवी होती, दुसऱ्या हाताने कठडा धरला होता, आणि फोन कसाबसा खांद्याने कानाशी दाबून ठेवला होता. त्या तिथेच थांबल्या. जिना पुसणारी बाई खालून म्हणाली, "जपून हं, पायरी ओली आहे." काटेबाई म्हणाल्या, "पायरी ओली आहे, मीच तेवढी कोरडी आहे," आणि तिला काही कळायच्या आत खाली उतरून रस्त्याला लागल्या.

भांडण म्हणावं असं खरं तर काहीच झालं नव्हतं. लेक तिशीची, दुसऱ्या शहरात नोकरीला. लहानपणी बादलीभर पाण्यालासुद्धा घाबरून आकांडतांडव करणारी ही मुलगी तीन महिने पोहायला शिकत होती, आणि काल तिने पहिल्यांदा तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मजल मारली होती. ते सांगायला तिने सकाळी सकाळी फोन केला होता. आवाज नुसता उसळत होता. आणि काटेबाईंनी सगळं ऐकून घेऊन विचारलं होतं, "केस नीट वाळवलेस ना?" पलीकडचा आवाज खाली बसला. मग, "आई, तुला एवढंच सुचलं?" काटेबाई म्हणाल्या, "अगं, ओल्या केसांनी झोपलीस की सर्दी होते तुला." त्यावर ते वाक्य आलं होतं. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्यांनी ते पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं. कोरडी म्हणजे कोरडीच, त्यात काही शंका नव्हती. पण ठणठणीत? आपण तब्येतीने चांगल्या असलो तरी ठणठणीत, आणि विहिरीत पाण्याचा थेंब नसला तरी ती ठणठणीत. एकाच शब्दाने कौतुकही करायचं आणि नावंही ठेवायची, म्हणजे भाषेचीही बाई कमाल म्हणायची. शिवाय चांगला घट्ट दगड हातोडीने वाजवला की ठण्ण आवाज येतो, आणि पाणी प्यायलेला, तडकलेला वाजवला की थप्प. तेव्हा या हिशेबाने ठणठणीत असण्यात वाईट काय? त्यांना एकदम हसू आलं. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांना वाटलं आपल्यालाच हसल्या, आणि त्यांनी आपल्या शर्टाची बटणं तपासली. तरीही तो शब्द काही डोक्यातून गेला नाही. चपलेत खडा गेल्यावर जसं होतं तसं त्यांचं झालं होतं, चालता येत होतं, पण चालण्याकडे लक्ष जात होतं.

काटेबाई हे त्यांचं नाव नव्हे आणि आडनाव तर नव्हेच. काटा म्हणजे वजनकाटा. एकतीस वर्षं त्या दगडांच्या प्रयोगशाळेत काट्यापुढे बसत आल्या होत्या म्हणून काटेबाई. नवीन आलेली माणसं आडनाव समजून 'काटे मॅडम' म्हणत. एकदा तर रजेच्या अर्जावरही तेच छापून आलं, आणि त्यांनी त्याखाली तशीच सही ठोकून दिली. प्रयोगशाळा तळमजल्यावर होती, कारण दगड वर चढवायला कोणी तयार नसे. पृथ्वीचं कवच म्हणजे तिची साल. तिला जिथे जिथे भोकं पाडली जात, तिथून काढलेले काकडीएवढे दगडी दांडे लाकडी खोक्यांतून इथे येत. मग प्रत्येकाची तपासणी. तो किती जड आहे, पोटात किती पोकळ आहे, त्यातून आवाज किती वेगाने पार होतो, उष्णता किती सावकाश सरकते, चुंबकाला तो कितपत दाद देतो. काटेबाईंकडे पहिली दोन. प्रत्येक दगडाची तीन वजनं त्या घेत. एक कोरडं वजन. दुसरं, दगड पाणी पिऊन टम्म झाल्यावरचं, ते ओलं वजन. आणि तिसरं, दगड दोऱ्याला बांधून काट्याच्या खालच्या आकड्याला लटकवायचा आणि बादलीत बुडवायचा, ते पाण्यातलं वजन. हे तिसरं त्यांचं फार लाडकं. कसलाही धोंडा असो, पाण्यात गेला की हलका होतो, जेवढं पाणी बाजूला सारतो तेवढा. एकतीस वर्षांनंतरही दोरा सैल होऊन काट्यावरचा आकडा घसरला की त्यांना बरं वाटे. या तिघांच्या वजाबाकीतून दगड आपलं सगळं ओकतो, असं थोरले साहेब म्हणत. थोरले साहेब म्हणजे त्यांचे पहिले साहेब, ज्यांनी त्यांना दोरा कसा बांधायचा इथपासून सगळं शिकवलं. ते जाऊन आता बारा वर्षं झाली होती.

"काटेबाई, या, बसा ना," नव्या मॅडम म्हणाल्या. मॅडम वयाने काटेबाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, हुशार, भरभर बोलणाऱ्या, आणि मनाने चांगल्या. पण 'बसा ना' म्हणाल्या की काहीतरी वाईट ऐकायला मिळणार हे ठरलेलं. काटेबाई म्हणाल्या, "उभीच बरी आहे मी. काय झालंय?" मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. दोन महिन्यांपूर्वी बारा दगड तीन प्रयोगशाळांमधून फिरले होते. तेच दगड, तेच मोजमाप, आणि मग तिघींचे आकडे शेजारी शेजारी ठेवून तुलना. आकड्यांभोवती लाल गोल होते. काटेबाईंनी मोजले, सात. "पाच दगड तंतोतंत जुळले," मॅडम म्हणाल्या, "सात नाही जुळले. सातही ठिकाणी आपला आकडा जड. फार नाही, दुसऱ्या दशांशात आहे फरक. पण आहे." काटेबाईंनी विचारलं, "आणि त्या दोघींचं एकमेकींशी?" मॅडम म्हणाल्या, "जुळतंय." मग मॅडमनी जे सांगितलं ते काटेबाईंना ठाऊक होतं, पण आज ते नव्याने कळलं. निरनिराळ्या ठिकाणच्या प्रयोगशाळांनी आजवर मोजलेल्या दगडांचा एक मोठा तक्ता तयार होत होता. काटेबाईंच्या सोळा वह्या, म्हणजे चार हजारांवर दगड, त्यात जायचे होते. तक्ता उद्या संध्याकाळी बंद होणार होता. "तुमच्या हातावर माझा विश्वास आहे हो," मॅडम म्हणाल्या, "पण तक्ता हात बघत नाही. उद्यापर्यंत कारण सापडलं तर बघू. नाही सापडलं तर मला 'नाही' म्हणून कळवावं लागेल." "सातच दगडांचं?" "सगळ्या वह्यांचं, काटेबाई." मग वह्यांचं काय होणार, हे त्यांनी विचारलं नाही. तळघरात गठ्ठे बांधून ठेवायची एक खोली होती, तिथे गेलेलं काहीच परत येत नसे. गेल्या वर्षी तिथे एक चांगली खुर्ची गेली होती.

तुलना हा शब्द त्यांना लहानपणापासून भोवत आला होता. त्या आणि त्यांची धाकटी बहीण, दोघी पाठोपाठच्या. आई कौतुकाने म्हणायची, धाकटी म्हणजे फूल आहे, आणि थोरली? थोरली म्हणजे ठोकळा. प्रेमाचाच ठोकळा होता तो, पण होता ठोकळाच. बहीण रडायची, रुसायची, गळ्यात पडायची. यांना ते जमायचं नाही. यांच्या हातून फार तर रुसलेल्या माणसापुढे पाण्याचा पेला ठेवला जायचा. नवरासुद्धा लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणाला होता, "तुला आनंद झालाय हे मला कसं कळायचं?" त्या म्हणाल्या होत्या, "विचारायचं." तेव्हापासून तो बिचारा विचारतो, आणि त्या सांगतात, आणि संसार उत्तम चाललेला आहे. लेकीला मात्र विचारायची सवय नव्हती. न विचारता कळावं असं तिला वाटे. काट्यापुढच्या स्टुलावर बसून काटेबाईंनी तपासणीची वजनं काढली, शंभर ग्रॅम, दोनशे, पाचशे, आणि एकेक ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता. दोरा बदलून पाहिला. बादलीतल्या पाण्यात बोट घालून पाहिलं, उगाचच. बोटाला कळण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण आत कुठेतरी पोकळ वाटायला लागलं की हाताला काहीतरी काम लागतं. चार हजार दगड. त्यांतले कितीतरी त्यांना ओळखीच्या माणसांसारखे आठवत होते. एक गुलाबी ठिपक्यांचा, एक ज्याच्या पोटात मीठ निघालं, एक ज्याने पाणी प्यायला तब्बल नऊ दिवस लावले. ते सगळे खोटे ठरणार. दगड नव्हे, आपण.

"काट्याचा दोष असता तर बाराही चुकले असते," टकटकराव म्हणाले. टकटकराव शेजारच्या टेबलावर दगडांतून आवाज सोडायचं काम करत, दिवसभर टक टक टक. घरी गेल्यावरही आपण जेवताना चमच्याने ताट वाजवतो अशी बायकोची तक्रार आहे, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "हे जुळलेले पाच बघा. सगळे घट्ट. पोटात पोकळी म्हणून नाही. आणि हे सात बघा. सगळे पाणी पिणारे. मातकट, सच्छिद्र. भानगड पाण्याची आहे, काटेबाई, वजनाची नाही." काटेबाई म्हणाल्या, "पाणी तर मी मोजूनमापून पाजते." "पाजता हो. पण काढता का?" आणि आपण फार मोठं काही बोलून गेलो हे ध्यानात न येता ते पुन्हा टकटक करायला लागले.

काटेबाई उठल्या आणि त्यांनी जावयाला काढलं. जावई म्हणजे एक राखाडी, मातकट दगडी दांडा. थोरल्या साहेबांनी प्रयोगशाळेच्या पहिल्या वर्षी तो बाजूला ठेवला होता. दर वर्षी कामाच्या पहिल्या दिवशी त्याला कपाटातून काढायचं, त्याची तिन्ही वजनं घ्यायची आणि गेल्या वर्षीच्या वजनांशी ताडून पाहायची, म्हणजे आपलं काम ठीक चाललंय हे कळतं. वर्षातून एकदा येतो, आंघोळ घालावी लागते, सगळं काम बाजूला सारून त्याच्याकडेच बघत बसावं लागतं, म्हणून जावई. लेक लहान असताना इथे यायची, तिने एकदा त्याला बाहुलीचा रुमाल बांधला होता. काटेबाईंनी पहिल्या वहीपासून सगळ्या वह्या काढल्या आणि जावयाच्या नोंदी एका कागदावर एकाखाली एक उतरवल्या, एकतीस ओळी. ओलं वजन वर्षानुवर्षं जागच्या जागी. पाण्यातलं वजनही तसंच. आणि कोरडं? पहिली दोन वर्षं चारशे बारा ग्रॅम आणि वर सहा दशांश. तिसऱ्या वर्षी चारशे सोळा पूर्णांक एक. मग आजतागायत चारशे सोळा. वहीत तिसऱ्या वर्षीच्या नोंदीपुढे शेऱ्याच्या रकान्यात थोरल्या साहेबांच्या हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'जावई अंगाने भरले. सासुरवाडी मानवली!' त्यांना तो दिवस लख्ख आठवला. साहेब खो खो हसले होते, त्याही हसल्या होत्या, सगळी प्रयोगशाळा हसली होती, आणि त्या हसण्याच्या भरात साडेतीन ग्रॅम कुठून आले हे विचारायचं राहून गेलं होतं. पुढच्या वर्षी वजन गेल्या वर्षीइतकंच भरलं म्हणून सगळे खूश. जावयाची गंमत करायची सोडून त्याची चौकशी कोण करणार?

आता त्या नुसत्या त्या एका शब्दाकडे बघत होत्या. रकान्याच्या डोक्यावर त्यांच्याच तेव्हाच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं, 'कोरडं'. ठणठणीत नव्हे, नुसतं कोरडं. सकाळपासून जो खडा टोचत होता तो हाच की काय, असं त्यांना वाटलं. दगड कोरडा आहे हे आपल्याला कोण सांगतं? आपणच. रात्रभर ओव्हनमध्ये ठेवतो, सकाळी काढतो, हाताला कोरडा लागतो, कोरडा म्हणून लिहितो. वरून हाताला कोरडा लागलेला दगड आत काय धरून बसलाय, ते त्याला हाताने विचारता येत नाही. त्या ओव्हनपाशी गेल्या. पत्र्याची जुनी पेटी, जाड दाराची, त्यांच्याइतकीच नोकरी झालेली. बाजूला गोल खुंटी, आणि खुंटीभोवतीच्या तबकडीवरचे आकडे हात लागून लागून कधीचेच पुसले गेले होते. वरच्या भोकातला तापमापक कधीचाच फुटला होता, नवा पुढच्या खेपेला येणार होता, आणि ती पुढची खेप काही आली नव्हती. राहिली होती फक्त खूण. तबकडीच्या कडेला एक लाल ठिपका. 'खुणेवर ठेवा आणि डोकं चालवू नका,' हे थोरल्या साहेबांचं वाक्य. खुणेवर म्हणजे एकशे पाच अंशांवर. त्या तापमानाला दगडाच्या कानाकोपऱ्यातलं पाणी निघून जातं. काटेबाईंनी रोज संध्याकाळी वर्षानुवर्षं खुंटी त्या लाल ठिपक्यावर आणली होती. आता त्यांनी टकटकरावांकडून तापमापक मागून आणला, भोकातून आत सोडला आणि स्टूल ओढून वाट पाहत बसल्या. पारा चढला, चढला आणि साठावर येऊन थांबला. त्यांनी चष्मा पुसला. साठच.

त्यांनी ठिपक्यावर नख घासलं. तापलेल्या पत्र्यावरून एक बारीक, गोडसर, डोकं चढवणारा वास आला आणि काटेबाई जागच्या जागी एकोणतीस वर्षं मागे गेल्या. नखांना लावायचा लाल रंग. धाकट्या बहिणीच्या लग्नात तिने जबरदस्तीने यांच्या नखांना लावला होता आणि उरलेली बाटली यांच्या पर्समध्ये टाकली होती, 'ठोकळ्याला जरा रंग येऊ दे.' लेक तेव्हा वर्षाची. मागच्या गल्लीतलं पाळणाघर तीनला बंद व्हायचं आणि काम साडेपाचपर्यंत. तीन ते साडेपाच लेक या टेबलाखाली बसायची, गोल दगड एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात भरत. चारला तिला दूध लागायचं. गार दूध ती प्यायची नाही, तोंड फिरवायची, आणि एकशे पाच अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवलं की उतू जाऊन करपायचं, सगळ्या प्रयोगशाळेत वास. मग एका दुपारी काटेबाईंनी खुंटी फिरवून फिरवून, स्टीलच्या पेल्यात बोट बुडवून बुडवून, दुधाला मानवेल अशी जागा शोधून काढली. ती विसरू नये म्हणून पर्समधली बाटली काढून ठिपका दिला. थोरल्या साहेबांची खूण वेगळी होती. ती पेन्सिलीची बारीक रेघ होती, वरच्या बाजूला. दूध झालं की खुंटी पुन्हा रेघेवर न्यायची, असा त्यांचा स्वतःशी करार होता. मग दुधाचे डाग पडले म्हणून त्यांनीच एक दिवस स्पिरिटच्या बोळ्याने ओव्हन लख्ख पुसला. रेघ गेली. ठिपका राहिला. लेक शाळेत जायला लागली, पेला घरी गेला, टेबलाखालची जागा खोक्यांनी भरली, आणि दुधाची खूण दगडांची खूण होऊन बसली. हात रोज तिच्यावर जात राहिला आणि डोकं, साहेबांच्या आज्ञेप्रमाणे, चाललं नाही.

काटेबाईंनी बोटांवर वर्षं मोजली. मग, काही केल्या आवरेना असं, हसू वर यायला लागलं. चार हजार दगड! एकोणतीस वर्षं ते बिचारे बाळाच्या दुधाच्या तापमानात शेकत राहिले होते. टकटकरावांनी विचारलं, "काय झालं?" तर त्यांना हसू आवरून सांगता येईना, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. टकटकराव घाबरून पेला घेऊन आले. पाणी पिता पिता त्यांच्या मनात आलं की हे कोणाला सांगायलाच हवं असं नाही. रेघ साहेबांची होती, ती कधी नि कशी गेली हे कोणाला ठाऊक? ओव्हन जुना, तापमापक फुटलेला, साहेब काही सांगायला येणार नाहीत. 'यंत्रातील बिघाड' एवढं लिहिलं तरी मॅडमचं भागेल. हा विचार त्यांनी दोन घोट पाण्यापुरता मनात ठेवला. मग त्यांना साहेबांची हिरवी शाई दिसली, सासुरवाडी मानवली, आणि त्या माणसाच्या नावावर आपलं दूध सांडायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी जावयाला ओव्हनमध्ये ठेवलं, खुंटी ठिपक्याच्या बरीच वर नेली आणि पारा एकशे पाचावर स्थिर होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "आज आनंदात आहेस की काळजीत?" त्या म्हणाल्या, "उद्या दुपारी वजन करून सांगते."

दुसऱ्या दिवशी दुपारी जावई निघाला तेव्हा काट्याभोवती तिघं होते, काटेबाई, टकटकराव आणि येऊन उभ्या राहिलेल्या मॅडम. दगड निवेपर्यंत बंद बरणीत ठेवावा लागतो, नाहीतर हवेतलं पाणी पितो, म्हणून आणखी तासभर ताटकळणं आलं. काटेबाईंचे तळहात ओले झाले होते. त्यांनी ते पदराला पुसले, चिमट्याने दगड उचलला, काट्यावर ठेवला. आकडे धावले, मागेपुढे झाले, थबकले. चारशे बारा पूर्णांक सहा. "उतरले!" टकटकराव ओरडले, "जावईबापूंचं अंग उतरलं!" आणि त्यांनी चमच्याने काट्याची कड वाजवली, त्याबद्दल एरवी काटेबाईंनी त्यांना फाडून खाल्लं असतं. काटेबाईंनी वहीत आकडा लिहिला आणि मगच मॅडमकडे वळल्या. दूध, ठिपका, स्पिरिटचा बोळा, सगळं सांगितलं. काहीही वगळलं नाही. मॅडम ऐकताना आधी गंभीर होत्या, मग त्यांनी ओठ दाबून धरले, शेवटी त्या खुर्चीवर बसल्याच. "म्हणजे एकोणतीस वर्षांत एकदाही खुंटी इकडची तिकडे झाली नाही?" त्यांनी विचारलं. काटेबाई म्हणाल्या, "नाही. खुणेवर म्हणजे खुणेवर." "एकाही दगडासाठी?" "माझ्या हातून तरी नाही." मॅडम म्हणाल्या, "मग तर झालंच की हो! चूक आहे, पण पक्की एकमार्गी आहे. दगड तर सगळे कपाटांत आहेत. प्रत्येक जातीचे थोडे थोडे नीट वाळवू, कोण किती पाणी लपवून बसलाय ते बघू, आणि वह्यांतून तेवढं वजा करू. दोन महिन्यांचं काम. वह्या आज पाठवते, सोबत टीप जोडून." काटेबाईंच्या हाताशी कालचा रिकामा पेला होता, तो त्यांनी मॅडमपुढे ठेवला.

टिपेचा कागद मॅडमनी त्यांच्याकडेच दिला. वाळवणीचं तापमान, काटेबाईंनी लिहिलं, साठ अंश. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, तेही लिहिलं. पुढचा रकाना कारणाचा होता. "तिथे काहीतरी तांत्रिक लिहून टाका," मॅडम दारातून जाता जाता म्हणाल्या. काटेबाईंनी पेन उचललं, थोडा वेळ तांत्रिक काहीतरी शोधलं, आणि मग आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'लेकीचं दूध'. मॅडम संध्याकाळी कागद घेऊन गेल्या. त्यांनी तो वाचला, खोडला नाही, आणि तसाच पाठवून दिला.

बससाठी थांबलेल्या असताना काटेबाईंनी स्वतःहून फोन लावला. असं क्वचितच व्हायचं, म्हणून लेकीने आधी विचारलं, "आई, बरी आहेस ना?" काटेबाई म्हणाल्या, "ठणठणीत," आणि मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. पलीकडे लेक हसली, मग बारीक आवाजात म्हणाली, "आई, तू बोट घालून बघायचीस? रोज?" काटेबाई म्हणाल्या, "ठिपका दिल्यावर नाही. त्याआधी चार-पाच दिवस." बस आली, गेली. त्यांनी ती जाऊ दिली. काल जे विचारायचं राहिलं होतं ते त्यांच्या तोंडाशी आलं होतं, आणि त्यांना ते त्यांच्याच पद्धतीने विचारता येत होतं.

"तलाव किती लांब होता गं?"

"पंचवीस मीटर."

"भिंतीपासून भिंतीपर्यंत?"

"हो. हात लावला मी पलीकडच्या भिंतीला."

"मध्ये कुठे थांबलीस?"

लेकीने आवाज खाली आणला. "कोणाला सांगू नकोस हं. मध्ये एकदा दोरी धरली होती. एकदाच."

काटेबाई भर रस्त्यात, बसथांब्यावरच्या चारचौघांत, मोठ्याने हसल्या. "असू दे," त्या म्हणाल्या, "शेऱ्यात लिहू."